आकडा जुळला, माणूस राहिला: मुरगाव बंदरातलं एक प्रकरण

मी वास्कोला शिपिंग एजन्सीत बोर्डिंगचं काम करतो, १६ वर्षं झाली. म्हणजे जहाज आलं की कस्टम, इमिग्रेशन, पोर्टाचे कागद, क्रू बदली, पाणी, रेशन, कॅप्टनला डॉक्टर हवा तर डॉक्टर, हे सगळं आमच्याकडे. त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा गँगवे, म्हणजे जहाजाला लावलेला जिना, चढणं-उतरणं होतंच, आणि गँगवेवर काय चालतं ते रोज बघायला मिळतं. जे लिहितोय ते काही वर्षांपूर्वीचं, जहाजाचं नाव देत नाही, लेबर काँट्रॅक्टरचंही नाही, कारण मला कोणाला उघडं पाडायचं नाहीये. पण त्या दिवशी काय झालं ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं, खास करून गँगवे वॉच करणाऱ्या पोरांसाठी, आणि आपल्याकडे कोकणातून, गोव्यातून बोटीवर जाणारी पोरं काही कमी नाहीत.

जहाज सुप्रामॅक्स, म्हणजे सुटा माल नेणारं मध्यम आकाराचं, पाच होल्ड (माल भरायच्या कोठ्या), चार क्रेन, कोळसा घेऊन आलेलं. मार्च संपत आलेला, म्हणजे दुपारी डेकच्या लोखंडावर हात टेकवता येत नाही असं ऊन. पाच दिवस धक्क्याला लागून माल उतरवणं चाललं होतं आणि शेवटच्या दिवशी तीन नंबर होल्डमध्ये झाडलोट बाकी होती. ग्रॅबने, म्हणजे क्रेनच्या पंजाने, मुख्य माल उपसला की तळाला, कोपऱ्यांत, फ्रेमच्या मागे कोळसा राहतो, तो काढायला खाली माणसं उतरवावी लागतात, फावडी आणि झाडू घेऊन. पुढचं बंदर होतं दक्षिण आफ्रिकेतलं रिचर्ड्स बे, रिकाम्या बोटीने साधारण दोन आठवड्यांचा प्रवास. पायलट, म्हणजे जहाज बंदराबाहेर काढून देणारा, संध्याकाळी साडेपाचला बुक केलेला.

आता या जहाजावर सिक्युरिटी नव्हती असं नाही, हे आधीच सांगतो. सगळं होतं. आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, १ जुलै २००४ पासून लागू झाला, तेव्हापासून प्रत्येक जहाजावर सिक्युरिटी ऑफिसर असतो, मंजूर केलेला सिक्युरिटी प्लॅन असतो, बंदराचा वेगळा सिक्युरिटी ऑफिसर असतो, सुरक्षेच्या तीन लेव्हल असतात, आणि आपल्या मोठ्या बंदरांच्या गेटवर सीआयएसएफ उभी असते, पास दाखवल्याशिवाय माणूस आत येत नाही. या जहाजावर गँगवेला टेबल होतं, रजिस्टर होतं, व्हिजिटर बॅजचा डबा होता, दोरांवर उंदीर अडवायचे रॅटगार्ड होते, अँकरच्या हॉज पाइपवर, म्हणजे नांगराची साखळी जिथून जाते त्या भोकावर, झाकण होतं (तिथून चेन धरून माणूस आरामात वर येतो, म्हणून ते झाकण). ऑडिटरने बघितलं असतं तर खूश झाला असता.

फक्त एक गोष्ट होती, ती चीफ मेटनेच (कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी) मला आदल्या दिवशी चहा पिताना सहज बोलून दाखवली होती, की खरं टेन्शन पुढच्या बंदराचं आहे. दक्षिण आफ्रिकेत लपून चढणारे जास्त, त्यामुळे तिकडे निघायच्या आधी कुत्रे घेऊन जहाज तपासणारी माणसं बोलवावी लागतात, तिकडे डबल वॉच लावायचा, इथे काय, गोव्यात कोण चढतंय. मला त्यात तेव्हा काही खटकलं नाही. मीही मान हलवली असणार.

त्या दिवशी सकाळी ११.१० ला लेबर चढली. रजिस्टरला एंट्री अशी: एका ओळीत "लेबर २३", पुढे मुकादमाची सही. त्याच्या खालच्या ओळीत "सुपरवायझर १", म्हणजे मुकादम स्वतः. बॅज दिले नाहीत. का, तर झाडूवाल्यांना बॅज दिले तर होल्डमध्ये पडतात, परत मिळत नाहीत, आधीच निम्मे गेलेत. हे कारण मी शंभर जहाजांवर ऐकलंय आणि तेव्हा कोणालाच त्यात चूक वाटत नाही. आणखी एक गोष्ट त्या लोकांना सांगितलेली, मोबाईल खाली न्यायचा नाही. हे बरोबरच आहे, कोळशातून मिथेन सुटतो, तिथे विडी, लायटर, फोन काही चालत नाही. म्हणून सगळे आपापल्या पिशव्या, चपला, फोन खाली जेटीवरच्या शेडमध्ये ठेवून काँट्रॅक्टरचे गमबूट घालून वर गेले. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा.

दुपारी तीनच्या सुमाराला दुसरीच भानगड निघाली. थर्ड ऑफिसर निघायच्या आधीची तपासणी करत डेकवर फिरत होता, तर फायर होजच्या पेट्यांमधल्या पितळी नोझल गायब. पहिली पेटी उघडली, नोझल नाही. दुसरी, नाही. पाचवी, तीही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही नोझल जड पितळेची असतात आणि भंगारात पितळेला लगेच गिऱ्हाईक मिळतं, म्हणून बंदरात आणि अँकरेजला, म्हणजे नांगर टाकून उभं असताना, जहाजावरून सगळ्यात जास्त जे जातं त्यात हे असतंच: नोझल, कपलिंग, साउंडिंग पाइपच्या टोप्या, मग रंगाचे डबे, मुरिंगचे दोर, इंजिनाचे स्पेअर. खिशात मावतं, दोन मिनिटांत निघतं. आणि जहाजाला त्याचा मार किमतीपेक्षा कितीतरी जास्त बसतो, कारण आग विझवायचं सामान अपुरं म्हणून पुढच्या बंदरात पोर्ट स्टेटचा, म्हणजे त्या देशाचा, इन्स्पेक्टर जहाज अडवून ठेवू शकतो. आणि खरंच आग लागली तर हातात नुसता पाइप.

चीफ मेटचा पारा चढला. आणि पहिला संशय कोणावर? होल्डमधल्या लेबरवर, दुसऱ्या कोणावर असणार.

१५.४० ला लेबर वर आली आणि खाली उतरली. गँगवेवरच्या एबीने, म्हणजे पहाऱ्यावरच्या खलाशाने, मोजली, २३. रजिस्टरमध्ये लिहिलं, "२३ आउट". त्याला चीफ मेटने सांगून ठेवलं होतं की पिशव्या, खिसे बघ, नोझल गेलीत. तो पोरगा बिचारा एकेकाचे खिसे चाचपत होता, काळ्या कोळशाने भरलेली माणसं, त्यांचे खिसे उलटे करून बघत होता आणि त्याच वेळी मोजतही होता. काही सापडलं नाही. १५.५० ला तीन नंबरची हॅच, म्हणजे होल्डचं मोठं झाकण, बंद केली, बूबी हॅच, म्हणजे होल्डच्या शिडीवरचं छोटं झाकण, तेही बाहेरून आवळलं. १६.०० ला चेकलिस्टवर "स्टोअवे सर्च पूर्ण" (स्टोअवे म्हणजे जहाजावर लपून चढलेला माणूस) यावर टिक.

मी १६.३० ला पोर्ट क्लिअरन्स घेऊन आलो. गाडीतून उतरलो तर शेडच्या कडेला एक निळी स्लीपरची जोडी आणि एक कापडी पिशवी, बाजूला बाकी काहीच नाही. लेबर केव्हाच तिथून हलली होती, टेम्पो थोडा पुढे उभा, मुकादम टेम्पोत पुढे बसून फोनवर. हा मुकादम खानापूरकडचा, मराठी बोलणारा, मी त्याला बरेच वर्षं ओळखतो, माणूस चांगला.

मी विचारलं, "ह्या चपला कोणाच्या राहिल्या?"

"विसरला असेल की कोण. गमबूट घालूनच बसला असणार टेम्पोत."

"सगळे आले ना खाली?"

"आलेत की ओ साहेब सगळी. तुमच्या बोटीवाल्यानं मोजली की. तेवीस."

मला ते पटलंही असतं. कागद सही करून घ्यायचे होते, वेळ कमी होता, पायलट तासाभरावर. पण टेम्पोच्या मागच्या बाजूने एक पोरगा खाली उतरला, अठरा-एकोणीसचा असेल, आणि मुकादमाला कानडीत काहीतरी म्हणाला, आणि मुकादमाचा चेहरा बदलला. त्या पोराच्या गावचा, गदगकडचा, एक जण टेम्पोत नव्हता. मुकादमाने लगेच त्याचा नंबर लावला.

फोन वाजला. शेडमध्ये, त्या कापडी पिशवीत.

ती रिंग मला अजून आठवते. आम्ही तिघं त्या पिशवीकडे बघत उभे आणि आत फोन वाजतोय.

मी धावत वर गेलो. गँगवेचं रजिस्टर उघडलं. आत २३, बाहेर २३. एबी म्हणतो, सर मी स्वतः मोजले. आणि तो खोटं बोलत नव्हता. मग माझी नजर खालच्या ओळीवर गेली, "सुपरवायझर १", आणि तिथला आउटचा रकाना कोरा. मुकादम लेबरबरोबरच उतरला होता, रांगेत, तसाच काळा झालेला, आणि एबीने त्याला तेविसात मोजला होता. चढताना २३ अधिक १, म्हणजे चोवीस. उतरताना एक धरून तेवीस. कागदावर आकडा पक्का जुळला होता आणि माणूस होल्डमध्ये होता.

कॅप्टनला सांगितलं तेव्हा १६.५५ झाले होते. पुढची पाच मिनिटं कशी गेली ते लिहायला हवं, कारण खरी परीक्षा तिथे होती. ब्रिजवर कॅप्टन, चीफ मेट आणि मी. चीफ मेटचं म्हणणं, हाच तो चोर, नोझल घेऊन कुठेतरी लपलाय, रात्री खाली उड्या मारणार नाहीतर पुढे आफ्रिकेपर्यंत येणार. त्याच्या डोक्यात चोरी आणि माणूस एक झाले होते. मी म्हटलं, चपला आणि फोन खाली ठेवून कोणी पळून जात नाही. जो परदेशात लपून जायला निघतो तो फोन बरोबर घेतो. कॅप्टन ऐकत होता. त्याने घड्याळाकडे बघितलं, आणि हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम लिहितो, की त्याने एकदाही पायलट कॅन्सलचे किती पैसे लागतात ते विचारलं नाही. म्हणाला, पायलट कॅन्सल कर, मेन इंजिन तयार करू नका, हॅच, व्हेंटिलेटर, काहीही माझ्याशिवाय हलवायचं नाही, आणि सर्च पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे काय, तर त्याने टीम लावल्या, दोघा-दोघांच्या, जिथून शेवटचं काम झालं तिथून सुरुवात. एकट्याने कुठे जायचं नाही. जी जागा बघून झाली तिला कुलूप किंवा नंबरचं सील, नंबर वॉकीटॉकीवर ब्रिजला सांगायचा, तिथे लिहून घ्यायचा, म्हणजे बघितलेल्या जागेत कोणी मागून शिरू शकत नाही. क्रेनच्या केबिन, लाइफबोट, फनेलचं केसिंग, बोसन स्टोअर, चेन लॉकर. आणि होल्डमध्ये गॅस मीटरशिवाय कोणी उतरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

यावर जरा थांबतो. बंद होल्डमधला कोळसा हवेतला ऑक्सिजन खातो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, आणि त्याच्या खाली आकडा दिसला की आत जायचं नाही असा नियम, कारण कमी झाला म्हणजे काहीतरी तो खातंय आणि पुढच्या कोपऱ्यात किती असेल ते सांगता येत नाही. जहाजांवर अशा जागांतून माणूस काढायचं ड्रिल दर दोन महिन्यांनी करावं लागतं, २०१५ पासून, आणि हातात धरायचा गॅस मीटर २०१६ पासून सक्तीचा झाला. हे नियम आले कारण आत पडलेल्या माणसाला काढायला दुसरा उतरतो, तो पडतो, मग तिसरा उतरतो. जगभर बोटींवर हे पुन्हा पुन्हा झालेलं आहे. होल्डच्या शिडीचा भाग तर जास्त वाईट, अरुंद असतो, तिथे वारा फिरत नाही.

तर तीन नंबरला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, गेला. बोसन देवगडचा, पन्नाशीतला, तीस वर्षं बोटीवर. बरोबर एक एबी मीटर घेऊन. मी मागे उभा होतो, मला तिथे असायला नको होतं खरं तर. बोसनने लगेच झाकण उघडलं नाही. हातातला मोठा पाना घेतला आणि बूबी हॅचच्या कडेला तीनदा ठोकला. ठण, ठण, ठण. आणि कान लोखंडाला लावून बसला, तापलेल्या लोखंडाला.

आतून तीन ठोके आले.

मग पटापट झाकणाच्या कड्या सोडवल्या, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून झाकण उघडलं, आणि आतून एक हात वर आला. कोळशाने काळा, फक्त नखं पांढरी. दोघांनी खांद्याला धरून वर ओढला. वेळ १७.२५. म्हणजे झाकण लागल्यापासून दीड तासाहून जास्त. मीटर मग दोरीने खाली सोडला, वरच्याच प्लॅटफॉर्मला आकडा २०.९ च्या खाली गेलेला होता, फार नाही, पण गेलेला. होल्ड जवळजवळ रिकामा होता, वरपर्यंत भरलेला असता तर काय झालं असतं त्याचा विचार नको. आणि रिकामा असला तरी दोन आठवडे बंद, पाणी नाही, बाहेर समुद्राच्या लाटा आणि इंजिनाचा आवाज.

त्याचं असं झालं होतं की सकाळपासून त्याला जुलाब होत होते. सांगितलं तर दिवसाचा पगार जातो म्हणून सांगितलं नाही. साडेतीनला सगळे वर चढायला लागले तेव्हा तो शेवटी होता, शिडीच्या सगळ्यात वरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत आला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून टेकला, आणि तिथेच त्याची शुद्ध हरपली की झोप लागली ते त्यालाही सांगता आलं नाही. जाग आली तेव्हा काळोख. त्याच्याकडे पाण्याची स्टीलची बाटली होती, ती घेऊन त्याने झाकणावर ठोकलं, खूप ठोकलं. पण त्या वेळी हॅचचे हायड्रॉलिक पंप चालू होते, वर कोणाला काय ऐकू येणार. ती बाटली मी हातात घेऊन बघितली, तिचा तळ पूर्ण आत गेला होता.

स्टोअवे या शब्दाची व्याख्या १९६५ च्या फॅल कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे जहाज वाहतूक सुलभ करायच्या आंतरराष्ट्रीय करारात, दिलीय, थोडक्यात अशी की मालकाच्या किंवा कॅप्टनच्या संमतीशिवाय जहाजावर किंवा मालात लपलेला आणि जहाज सुटल्यावर सापडलेला माणूस. सुटायच्या आधी सापडला तर तो फक्त प्रयत्न धरला जातो. आमचा पोरगा यात कुठेच बसत नाही, तो लपला नव्हता, संमतीने चढला होता, सही होती. पण जहाज सुटलं असतं आणि तिसऱ्या दिवशी तो सापडला असता तर? रजिस्टर म्हणतंय सगळे उतरले. त्याच्या अंगावर कागद नाही, पास, आधार सगळं पिशवीत. भाषा कोणाला येत नाही. डोक्यात आधीच नोझलची चोरी. कागदावर तो स्टोअवेच झाला असता. पुढच्या बंदराने उतरवून घेतला नसता, मालकाची विमा कंपनी, वकील, वकिलात, पहारेकरी, विमानाचं तिकीट, महिने गेले असते. आणि हा चांगला शेवट झाला, म्हणजे जिवंत सापडला तर.

वाईट शेवट कसे होतात तेही माहीत आहे. १९९२ साली एम सी रुबी नावाच्या जहाजावर लपून चढलेल्या आफ्रिकन तरुणांना खलाशांनी मारून समुद्रात टाकलं, का, तर स्टोअवे सापडले तर दंड आणि नोकरी जायची भीती. एक जण लपून राहिला, वाचला, आणि त्याच्यामुळे फ्रान्समध्ये खटला चालून शिक्षा झाल्या. आता नियमांत स्पष्ट आहे की सापडलेल्या माणसाला खायला-प्यायला, औषधपाणी द्यायचं, माणसासारखं वागवायचं, आणि कॅप्टनने लगेच कळवायचं. माझं स्वतःचं मत, हा नियम सर्चच्या नियमाइतकाच प्रत्येक क्रूला पाठ असायला हवा.

आता नोझल. माणूस सापडला, त्याला सावलीत घेतला, मीठ-साखरेचं पाणी दिलं, अँब्युलन्स बोलावली. तरी चीफ मेटच्या डोक्यातून चोरी जात नव्हती, तो म्हणे होल्डमध्ये उतरून बघा, नोझल खाली टाकली असतील. तेव्हा बोसनने त्याला आणि मला हाताला धरून मेन डेकवर नेलं. सात-आठ पेट्या थर्ड ऑफिसरने अजून उघडल्याच नव्हत्या, चार-पाच रिकाम्या निघाल्यावर तो सांगायला वर पळाला होता. त्यातल्या एका पेटीपुढे बोसन खाली बसला. पेटीला लाल रंग नवीन होता, समुद्रात येताना मारलेला. तो रंग कडीवरून आणि दाराच्या फटीवरून एकसारखा गेलेला, वर कोळशाची पूड बसलेली.

"रंग फुटलो नाय हां. बघ."

मग त्याने खिशातून खरवडणी काढली, फटीत घातली, रंगाची पातळ साल फुटली तेव्हा कट्ट असा आवाज आला. दार उघडलं. आत पाइप नीट गुंडाळलेला, आणि नोझल नाही.

म्हणजे रंग मारायच्या आधीच गेलेलं. रंग मारला समुद्रात, गोव्याला यायच्या आधी. ज्याने रंग मारला त्याने पेटी उघडली नाही, बाहेरून ब्रश फिरवला. आणि अग्निशमन सामानाची जी दर महिन्याची तपासणी असते, तिच्या कागदावर सगळ्या पेट्यांपुढे टिक होती. दुसरी पेटी फोडली, तसंच. चोरी कधीतरी मागच्या एखाद्या अँकरेजला झाली होती, बहुतेक रात्री एक ते चारच्या दरम्यान, कारण चोर साधारण तेव्हाच येतात, छोटी होडी मागच्या बाजूला लावून हुकाने वर. कुठे आणि कधी, ते कळायचा काहीच मार्ग उरला नव्हता कारण मधे कोणी मोजलंच नव्हतं. आणि इतक्या दिवसांनी त्याचा आळ आला कोणावर, तर जुलाब होत असताना होल्ड झाडणाऱ्या पोरावर आणि बाकीच्या बावीस जणांवर, ज्यांचे खिसे उलटे करून बघितले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. खिसे बघण्यात एबीचं सगळं लक्ष गेलं, मोजणं चुकलं त्याचं अर्धं कारण तेच आहे. चोर शोधायच्या नादात माणूस हरवला.

मला या प्रकरणातून जे दिसलं ते एवढंच, की चोरी आणि स्टोअवे या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बघितल्या जातात, वेगळ्या चेकलिस्ट, वेगळे ड्रिल, पण दोन्हीकडे भोक एकच होतं. टिक होती, बघितलेलं नव्हतं. पेटीवर टिक होती आणि पेटी उघडली नव्हती. सर्चवर टिक होती आणि सर्च केव्हा केला, तर लेबर उतरल्यावर अवघ्या वीस मिनिटांत, पाच होल्डच्या जहाजाचा. वीस मिनिटांत एवढं जहाज नुसतं चालून होत नाही.

आणि आकड्याचं. आकडा हा पुरावा नाही. तेवीस म्हणजे कोण तेवीस? नाव लिहिलं असतं, एका ओळीत एक नाव, तर उतरताना एक ओळ कोरी राहिली असती आणि ती कोरी ओळ बोंबलून सांगत असती. वेळ जास्त लागतो हे खरं, चोवीस नावं लिहायला दहा मिनिटं जातात, मागे लोक खोळंबतात, मुकादम ओरडतो. यावर स्वस्त उपाय बॅजचाच आहे, पण गळ्यातला नाही. नंतर एका दुसऱ्या जहाजावर मी बघितलं, गँगवेला लाकडी फळी, तीस खिळे, तीस नंबरची प्लास्टिकची टोकन. चढताना टोकन घ्यायचं, उतरताना त्याच खिळ्याला लावायचं. खिळा रिकामा दिसला की कोणी वर आहे. मोजायचीही गरज नाही, लांबून दिसतं.

दुसरं, काम संपल्यावर होल्ड बंद करायचा अधिकार ज्याच्याकडे, त्याने बंद करायच्या आधी शिडीच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मवर टॉर्च मारायचा आणि हाक द्यायची, आणि गँगवेकडून नावं जुळल्याचा निरोप आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. त्या दिवशी हॅच बंद करणाऱ्याने वरून आत बघितलं होतं, पण हॅचमधून वरून बघताना शिडीच्या प्लॅटफॉर्मवरचा माणूस दिसत नाही.

रात्री सर्च दुसऱ्यांदा झाला, यावेळी बाहेरूनही. माल उतरवलेली बोट पाण्यावर उंच तरंगते, मग मागचं सुकाणू आणि त्याच्यावरचा पोकळ भाग पाण्याबाहेर येतो, तिथे माणूस बसू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अलिथिनी टू जहाजाच्या सुकाणूवर बसून तिघं जण लागोसहून कॅनरी बेटांपर्यंत ११ दिवस आले होते, त्यांचा फोटो जगभर फिरला. म्हणून मुरिंग बोटवाल्याला सांगून मागे जाऊन टॉर्चने बघितलं. चीफ मेट स्वतः त्या बोटीत बसला. काही नव्हतं. पायलट २०.३० ला चढला आणि जहाज अंधारात ब्रेकवॉटरच्या बाहेर गेलं. नोझल आम्ही वास्कोतून जमतील तेवढी आधीच आणून दिली होती, आणि कॅप्टनने चोरीचा रिपोर्ट लिहिताना ठिकाणापुढे गोव्याचं नाव घातलं नाही, वेळ आणि जागा ठरवता येत नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं.

मुकादमाने दुसऱ्या दिवसापासून नावांची यादी मोबाईलवर फोटो काढून पाठवायला सुरुवात केली, ती अजून पाठवतो, कानडीत लिहिलेली असते, मला वाचता येत नाही पण ओळी मोजता येतात आणि गँगवेला ती एकेक करून वाचून घेतली जाते.

तो पोरगा साडेसहाच्या आसपास जहाजावरून उतरला. अँब्युलन्स खाली उभी होती, दोघं धरायला होते, पण त्याने आधी गँगवेच्या टेबलापाशी थांबून रजिस्टर मागितलं, बहुतेक त्याला वाटलं की सही केल्याशिवाय सोडणार नाहीत. एबीने पेन दिलं. त्याने आउटच्या रकान्यात कानडीत आपलं नाव लिहिलं, सावकाश, बोटांचा काळा ठसा कागदावर उमटला. पाच दिवसांच्या त्या रजिस्टरमध्ये लेबरपैकी कोणाचं नाव असलेली ती एकच ओळ होती. मग खाली जाऊन गमबूट काढले, निळ्या चपला पायात घातल्या आणि पिशवीतून फोन काढून घरी लावला.